आधी पाचरा ठोकणारे हात मोजा

भिलाईकरांना आयएनएस विक्रांतचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या या विमानवाहू नौकेसाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे ३० हजार टन खास पोलाद पुरवलं. ते गेलं भिलाई, बोकारो आणि राउरकेल्यातून. पण अभिमानाच्या भरात एक प्रश्नही येतो: विक्रांतवर यंत्रं चालवण्यापासून दिशादर्शनापर्यंत बरंचसं आपोआप होतं, मग सोळाशे माणसं कशाला? माणूस पेंगतो, चुकतो. यंत्र चुकत नाही.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. इंजिनरूमच्या उकाड्यात तासन्‌तास डायल वाचण्यात कसलं आलंय कौशल्य? ते सेन्सरनेच करावं. ‘आमच्या वेळी सगळं हातानं व्हायचं’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेतो, मानत नाही.

पण २१ ऑगस्ट २०१७ ची पहाट पाहा. सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकी विनाशिका. सुकाणूवरच्या खलाशाची धांदल उडालेली दिसली, म्हणून वेगाचं नियंत्रण शेजारच्याकडे द्यायचा हुकूम कप्तानाने सोडला. टचस्क्रीनवर ते देताना सुकाणूही तिकडे गेलं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुकाणू निकामी झालं, अशी ओरड झाली. वेग उतरवायला गेले, तर दोन पंख्यांची जोड पडद्यावर सुटलेली. एकाचाच वेग उतरला. नौका डावीकडे वळली ती थेट ‘अल्निक एमसी’ या टँकरच्या वाटेत. दहा खलाशी गेले. यंत्र बिघडलं नव्हतं. मिळालेला हुकूम त्याने इमानाने पाळला होता. त्या पाळीतले काही जण दुसऱ्या नौकेवरून आलेले, या यंत्रणेचं धड शिक्षण न मिळालेले. पुढे अमेरिकी नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचं ठरवलं.

‘म्हणजे चूक माणसाचीच ना?’ असेल. पण पडद्यावर काय झालंय हे ओळखणारा माणूस नव्हता म्हणून घात झाला. त्यावर माणूसच काढणं हा उपाय कसा? स्वयंचलनाने माणसं कमी लागतील, हे कबूल. उरलेल्यांना मात्र दुप्पट शिकवावं लागतं आणि तो खर्च बचतीच्या हिशेबात कुणीच धरत नाही.

शिवाय विक्रांत ही लढाऊ नौका आहे. भिलाईची प्लेट कितीही चिवट असो, मारा बसला की भगदाड पडू शकतं, वीजही जाऊ शकते. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात नौसैनिक पाणी घुसणाऱ्या नकली कप्प्यांत उतरून पाचरा ठोकायला, टेकू लावायला शिकतात. कपात करायचीच असेल, तर एका रात्रीत अशी दोन-तीन भगदाडं बुजवायला किती हात लागतात ते आधी मोजा. त्यावर उरतील ती माणसं खुशाल कमी करा.