दोन मुख्यालयं, एक घर

आमच्या चारठाणा गावात पाहुणे येतात ते हेमाडपंती देवळं बघायला. रोज येणारे वेगळे: गुरुजी, मॅडम, दवाखान्यातल्या सिस्टर. तालुक्याच्या गावाहून, जिंतूरहून, आलेल्या गाडीतून उतरायचं, डब्याची पिशवी सावरायची आणि झपाझप चालू पडायचं. गाव त्यांना ‘अपडाऊनवाले’ म्हणतं, आणि कौतुकानं म्हणत नाही. गावकरी असूनही त्यांच्यातल्या नोकरदार जोडप्यांच्या बाजूनं हे मुद्दे मांडतोय.

१. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण २७ फेब्रुवारी २०१७ ला आलं. पती-पत्नी ३० किलोमीटरपेक्षा लांब असतील तर त्यांना जवळ आणायची सोय त्यात होती. चांगलंच झालं. पण दोघांनाही आपापल्या मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहायची अट आहेच. समजा तो एका गावी, ती पंचवीस किलोमीटरवर. बदलीच्या कागदावर हे जोडपं ‘एकत्र’. मुख्यालयाचा नियम पाळायचा म्हटलं की चुली दोन. लेकरू कुणाच्या मुख्यालयी झोपणार?

२. म्हणून दोघं तालुक्याचं गाव धरतात. घरभाडं भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो, तोही मिळतो. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं सगळ्यांच्या सहीनं खरं होतं. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी यावरून रान उठवलं, शिक्षकांनी मोर्चा काढला. गावाचा सवाल रास्तच आहे. रात्री पोरगं तापानं फणफणलं तर सिस्टर गावात हवीच. पण तिचा नवरा दुसऱ्या गावी नेमलाय, हे कुणी विचारात घेत नाही.

३. शनिवार. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, शाळांना नाही. नवरा तहसीलमध्ये, बायको शिक्षिका, तर त्याला सुटी आणि तिची सकाळची शाळा. (त्या दिवशी तरी डबा त्यानं भरावा.)

४. २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा आली, ती महिलांना. पुरुषाला केव्हा? बायको वारली किंवा अंथरुणाला खिळली तर. धडधाकट बायको असली की लेकराचं दुखणं तिचंच, असं सरकारनंच लिहून दिलंय.

५. मागणी एकच: जोडप्याला दोघांपैकी कुठल्याही एका मुख्यालयी राहू द्या आणि ते दोघांच्याही भत्त्याला चालेल, असं लेखी द्या. मग एका तरी गावात दोघं खरोखर मुक्कामी राहतील. आज ठरावात दोघं आपापल्या गावी राहतात. संध्याकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत कोण उभं असतं, ते एकदा जाऊन बघा.