निखाऱ्यांची राखण

अणुभट्टीतून बाहेर काढलेले इंधन विझलेले नसते. साखळी अभिक्रिया थांबते, पण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये उष्णता सोडतच राहतात. म्हणून या इंधनाच्या जुड्या काही वर्षे तरी खोल पाण्याच्या तलावात बुडवून ठेवाव्या लागतात. तलावातले पाणी गेले आणि इंधन ताजे असले, तर त्यावरचे झिर्कोनियमचे आवरण पेट घेऊ शकते. अणुभट्टीचे उद्घाटन वाजतगाजत होते, या तलावांची फीत कापायला मात्र कुणी जात नाही. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा संमत करून अणुवीज खासगी कंपन्यांना खुली केली, तेव्हाही वाद रंगला तो भांडवल आणि दायित्व यांवर. वापरलेल्या इंधनाची राखण कोण करणार आणि राखणदारावर नजर कोण ठेवणार, हा प्रश्न मागे राहिला.

या कायद्याने एक जुनी उणीव भरून काढली, हे आधी मान्य करायला हवे. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी एका सरकारी आदेशाने अस्तित्वात आले आणि चार दशके त्या आदेशावरच चालले. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी आणि आयोगाचे अध्यक्षपद अणुऊर्जा खात्याच्या सचिवांकडे. म्हणजे ज्या खात्याचे प्रकल्प तपासायचे, त्याच खात्याच्या प्रमुखापुढे अहवाल ठेवायचा. ‘कॅग’ने २०१२च्या अहवालात या रचनेवर बोट ठेवले आणि नियमभंगाबद्दल जास्तीत जास्त दंड ५०० रुपये असल्याचेही नोंदवले. स्वतंत्र नियामकाचे विधेयक २०११मध्ये लोकसभेत आले. ते २०१४मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबर बारगळले. आता मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला आहे. पण त्याचे अध्यक्ष आणि सदस्य सुचवणारी निवड समिती नेमायची ती अणुऊर्जा आयोगानेच! दार नवे बसवले, किल्ली जुन्याच खिशात राहिली.

वापरलेल्या इंधनाच्या बाबतीत तर पेच आणखी खोल आहे. एप्रिल २००० मध्ये अणुऊर्जा खात्याने एक आदेश काढला आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रकल्प नियामक मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपवले. वीज बनवणाऱ्या भट्टीवर मंडळाची नजर. पण त्याच भट्टीतले इंधन भाभा केंद्राच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात शिरले की तपासणारे आणि तपासले जाणारे एकाच छताखालचे. याची किंमत कल्पाक्कममध्ये दिसली. जानेवारी २००३मध्ये तिथल्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात एक झडप निकामी झाली, तीव्र किरणोत्सारी द्रव सौम्य कचऱ्याच्या टाकीत उतरला आणि सहा कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गाची बाधा झाली. त्या जागी धोक्याची सूचना देणारी मापन यंत्रेच नव्हती. जाहीर कबुली यायलाही काही महिने गेले.

भाभा केंद्रातल्या शास्त्रज्ञांच्या क्षमतेवर शंका घ्यायचे कारण नाही. ट्रॉम्बेत १९६०च्या दशकात पुनर्प्रक्रिया सुरू करणारी ही संस्था आहे. पण उत्तम सनदी लेखापालालाही स्वतःचे लेखापरीक्षण स्वतः करू देत नाहीत. त्यात त्याच्यावरचा अविश्वास नसतो, रोज दिसणारी त्रुटी डोळ्यांना सवयीची होते एवढेच. राष्ट्रीय सुरक्षेची सबबही सरसकट चालणारी नाही. २००६च्या विभाजन योजनेत भारताने तारापूर आणि राजस्थानातले वापरलेल्या इंधनाचे साठवण तलाव आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली ठेवण्याचे मान्य केले. ती देखरेख इंधन दुसरीकडे वळवले जात नाही ना, एवढ्यापुरती असते, सुरक्षिततेची नसते. पण व्हिएन्नाहून आलेला निरीक्षक जिथे उभा राहू शकतो, तिथे देशाच्या नियामकाला मज्जाव करण्यासारखे गुपित कोणते?

जपानने हा धडा फार महाग घेतला. मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या चौथ्या भट्टीत इंधनच नव्हते. ते वरच्या तलावात होते, १५३५ जुड्या. शीतकरण बंद पडले आणि तलाव कोरडा पडल्याचा अंदाज अमेरिकेच्या नियामकाने बांधला. तो चुकीचा ठरला, पण सुटका झाली त्यात दैवाचाही वाटा होता. दुरुस्तीचे काम लांबल्याने तलावाशेजारची, भट्टीच्या माथ्यावरची टाकी पाण्याने भरलेली होती आणि मधल्या दरवाजातून ते पाणी तलावात झिरपले. तोवर जपानचा अणुसुरक्षा विभाग अणुवीज वाढवणाऱ्या मंत्रालयाच्याच पंखाखाली होता. सप्टेंबर २०१२मध्ये तो मोडून स्वतंत्र नियामक उभारला गेला. अमेरिकेने ही फारकत १९७५मध्येच केली होती.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधन आखडते घेतले आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची की नाही, यावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षे वाद चालला. तोवर साठा तारापूरलाच वाढत राहिला. पुनर्प्रक्रियेचे प्रकल्पही तिथेच आहेत. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-पालघर पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवलेल्या रहिवाशांना, आपल्या शेजारी किती वापरलेले इंधन साठले आहे, हे सहज कळेल अशी सोय असायला नको काय? कुडनकुळमचा अनुभवही फार वेगळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तिथे भट्टीबाहेर साठवण उभारायला पाच वर्षे दिली. पुढे मुदत २०२२पर्यंत वाढवावी लागली. भट्ट्या चालू झाल्या, तलाव रेंगाळला.

नव्या कायद्यानेही वापरलेल्या इंधनाचे व्यवस्थापन केंद्राकडेच राखून ठेवले आहे. म्हणजे वीज विकणार खासगी कंपनी, निखारे सांभाळणार सरकार. २०४७पर्यंत एक लाख मेगावॉटचे लक्ष्य आहे. आज क्षमता नऊ हजारांच्या आसपास आहे. साठाही त्या मानाने वाढेल. म्हणून कायद्याखालचे नियम करताना चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. एक, २०००च्या आदेशाने पडलेली फाळणी संपवून सर्व नागरी साठवण आणि पुनर्प्रक्रिया प्रकल्प मंडळाच्या तपासणीखाली आणावेत. दोन, मंडळाच्या नेमणुका आयोगापासून तोडाव्यात आणि मंडळाचा अहवाल थेट संसदेत यावा. तीन, कुठल्या ठिकाणी किती इंधन साठले आणि तलावात किती जागा उरली, याचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. चार, साठवणीची सोय बांधून झाल्याखेरीज नव्या भट्टीला चालवण्याचा परवाना मिळू नये.

यातले काहीही अणुविजेच्या विरोधात जाणारे नाही. भट्टीचे आयुष्य साठ वर्षांचे, पण तिच्या इंधनातल्या प्लुटोनियमची धग निम्मी व्हायलाच चोवीस हजार वर्षे लागतात. ती राखण शेकडो पिढ्यांकडे सोपवताना, निदान पहिल्या पिढीने तपासणीच्या वहीवर परक्या माणसाची सही घ्यावी.