वापसा पाहून पेरणी

आमच्या वऱ्हाडात पहिला पाऊस पडला म्हणून कोणी लगेच तिफण जुंपत नाही. जमिनीला वापसा येण्याची वाट पाहिली जाते. चिखलात पेरले तर बी कुजते, वरवरच्या ओलीवर पेरले तर करपते आणि वेळ टळून गेल्यावर पेरले तर दाणा भरत नाही. बँकेत असताना पीककर्जाच्या अर्जांनी मला हेच शिकवले. पेरणी उलटल्यावर हाती पडलेले कर्ज कागदावर पूर्ण असते, शेतात मात्र ते शून्य असते. बियाण्याच्या बाबतीत इतके जाणते असलेले आपण घरातल्या लहान मुलाच्या बाबतीत मात्र वापसा पाहायला विसरतो.

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात सकाळी नऊच्या सुमारास चौकात उभे राहावे. एक व्हॅन येते. तीन-साडेतीन वर्षांची मुले टाय लावून, पाठीवर दप्तर घेऊन ‘कॉन्व्हेंट’ला निघतात. विदर्भात इंग्रजी पाटी लावलेल्या कुठल्याही बालवर्गाला हेच नाव आहे. त्याचा मिशनऱ्यांशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. थोड्या अंतरावर अंगणवाडी उघडते. तिथे तीन वर्षांचे आणि सहाव्या वर्षात गेलेले मूल एकाच सतरंजीवर बसते. आणि याच वेळी बायकांचा एक जथा निंदणाला निघालेला असतो. त्यातल्या एखादीच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे मूल असते. ते शेताच्या धुऱ्यावर, झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत दिवस काढणार. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या घरी आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण शाळा बुडवून थांबते.

एकाच गावातली ही तीन मुले. प्रत्येकाचे वय वेगळे, गरज वेगळी. तिघांनाही त्या वयाला हवे ते मिळत नाही.

झोळीतल्या मुलापासून सुरुवात करू. पहिली तीन वर्षे ही बोलण्याची आणि माणसे ओळखण्याची वर्षे. या वयात मुलाला लागते ते पोटभर अन्न, आजारपणात वेळेवर औषध आणि त्याच्याशी सतत बोलणारे माणूस. मूल हुंकार देते, मोठे माणूस त्याला उत्तर देते, आणि त्या देवाणघेवाणीतून भाषा उगवते. यासाठी पाटी लागत नाही, आजीची मांडी पुरते. पण आजीही मजुरीला जात असेल तर? सरकारी व्यवस्थेत या वयासाठी घरी न्यायचा कोरडा आहार आहे, लसीकरण आहे, वजनाची नोंद आहे. मूल दिवसभर कुणाजवळ राहील, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक गावांत नाही. दुपारी अंगणवाडी सुटते आणि शेतातली बाई दिवस कलताना परतते. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. गावच्या शेतात मजुरी करणारीला तेवढाही आधार नव्हता. आता ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. ती सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत गावोगाव दिसली पाहिजे.

तीन ते चार हे वय हाताचे आणि अंगाचे. मातीत कालवणे, पाणी ओतणे, चिंचोके एका भांड्यातून दुसऱ्यात टाकणे, गाण्यावर उड्या मारणे. या वयात मनगटातली काही हाडे पुरती घट्टही झालेली नसतात. अशा हातात पेन्सिल देऊन ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत गिरवून घेणे म्हणजे चिखलात तिफण घालणे. चार ते पाच हे प्रश्नांचे आणि गोष्टींचे वय. ‘मग काय झालं?’ असे विचारणारे मूल त्याच वेळी क्रम, कारण आणि परिणाम शिकत असते. पोळ्याला मातीचे बैल करणारे पोर लहान-मोठे, जाड-बारीक, एक-दोन-चार हे सगळे बोटांनी मोजत असते. पाचव्या वर्षानंतर शब्दांतले आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात, आकार नीट उतरतात, आणि मग अक्षराला खरा वापसा येतो.

यात नवे काही नाही. मारिया माँटेसोरींनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते मजुरांच्या वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी. सांभाळणे आणि शिकवणे ही दोन कामे तिथे एकच होती. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर याच विचाराने भारल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने. देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा इतिहास आहे.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांतून सुरू झाली. तिने सहा कामे अंगणवाडीकडे सोपवली. पूर्वप्राथमिक शिक्षण त्यांतले एक. प्रत्यक्षात सेविकेचा दिवस खिचडी, वजनकाटा, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि आता मोबाइलवरच्या नोंदी यांत जातो. सोबतीला एक मदतनीस. तीन वयांच्या मुलांना तीन तऱ्हेने खेळवणे एकटीने कसे व्हावे? 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी महिन्याकाठी त्यांना मिळते त्याला आपण अजून ‘मानधन’च म्हणतो.

कायद्यातही हे मूल काठावरच आहे. 1993 च्या उन्नीकृष्णन खटल्याच्या निकालाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य केला होता. 2002 च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कात घेतला, पण सहा ते चौदा या वयासाठी. सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न’ करावा, एवढेच उरले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पाया मानला. 2024 मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ आणि त्याआधीच्या वयासाठी ‘नवचेतना’ असे अभ्यासक्रमही आले. कागद योग्य आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशिम जिल्हा 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. प्रगती मोजायची ठरली तेव्हा सहाच्या आतले मूल पोषणाच्या रकान्यात गेले: वजन किती, अंगणवाडीला स्वतःची इमारत आहे का. शिक्षणाच्या रकान्यात शाळेतल्या मुलांची गणिते आणि भाषा. लहान मुलाचे वजन मोजले गेले, त्याचे बोलणे कोणी मोजले नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे मूल घरात बंजारा बोली बोलते, अंगणवाडीत मराठी ऐकते आणि कॉन्व्हेंटात गेले तर इंग्रजी घोकते. त्याच्या पहिल्या भाषेत त्याला गोष्ट कोणी सांगितली का, हा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही.

आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण सोयाबीन विकून व्हॅनचे पैसे भरणारा बाप वेडा नाही. आपल्यासारखे हाल पोराच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून तो समोर दिसणारी एकमेव वाट धरतो. वहीतली ओळ त्याला दाखवता येते. मातीच्या बैलातले गणित त्याला कोणी उलगडून सांगितलेले नसते. ते सांगणे शिक्षकांचे, आपल्यासारख्या लिहित्यांचे आणि सरकारचे काम आहे. त्याबरोबर दोन साध्या गोष्टी हव्यात. प्रत्येक अंगणवाडीत केवळ शिकवण्यासाठी आणखी एक प्रशिक्षित बाई, आणि हंगामात आई परतेपर्यंत उघडे राहणारे दार. खर्च येईल. पण ज्या वर्षांत तो करायचा ती निघून गेली, तर पुढे शाळेत कितीही ओतले तरी दाणा भरत नाही.

झोळीतले मूल या मृगात दीड वर्षाचे आहे. चार मृगांनंतर ते सहाव्या वर्षात असेल. आपल्या हाती आहेत त्या एवढ्याच पेरण्या.