काळ्या पिशवीतली अक्कल

परवा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शेजारच्या तरुणाने आधी डोकेदुखीची गोळी मागितली, मग कंगवा, मग बँडेज आणि मी जरा बाजूला सरकल्यावर, आवाज पार तळाला नेऊन, कंडोम. दुकानदाराने ते कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. माझं खोकल्याचं औषध मात्र उघड्यावरच हातात ठेवलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले सोसले. सरकारी ‘निरोध’ कंडोम १९६८ मध्ये आला. इतक्या वर्षांत आपली मजल काळ्या पिशवीपर्यंत! तरी त्या पोराचं मला कौतुकच वाटलं. चार दिवसांच्या ओळखीत ‘चांगल्या घरातली दिसते’ किंवा ‘दिसतो’ ही काही रक्ततपासणी नव्हे. गर्भनिरोधक गोळी दिवस राहू देत नाही, पण एचआयव्ही किंवा सिफिलिस अडवत नाही. कंडोम धोका पुष्कळ कमी करतो. मात्र हर्पिस, एचपीव्ही हे विषाणू नुसत्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, म्हणून जोडीदार बदलत असतील तर तपासणी अधूनमधून हवीच. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गोपनीय होते. कंडोम फाटलाच, तर देवाला नवस बोलत बसू नये. लगेच, फार तर ७२ तासांच्या आत, डॉक्टर गाठावा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं तेव्हाच सुरू करावी लागतात, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. काउंटरवरची लाज दोन मिनिटांची असते, तेवढी खुशाल वाटू द्या. पण ‘तपासणी केलीस का?’ हे ज्याला विचारता येत नाही, त्याने कपडे काढायची घाई करू नये, हे माझं स्पष्ट मत.