आपल्या डोंगरांचे माथे सपाट आहेत

राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं, की बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटतं. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून पुढे रुंद होत आलेली नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, शेजारी नारळाचं झाड आणि आकाशात चार पक्षी. लातूरच्या मुलाचं आणि वसईच्या मुलीचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं तर कोणतं कुणाचं हे ओळखता येणार नाही. खरं तर महाराष्ट्रातले बहुतेक डोंगर असे नसतातच. लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्री आणि त्याच्या रांगा घडल्या. म्हणून आपल्याकडच्या डोंगरांचे माथे बहुधा सपाट असतात आणि कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. त्या सपाट माथ्यांवर जागा होती म्हणून तर तिथे गड वसले. मूल शाळेत येता-जाता तो डोंगर बघतं, चौथीत शिवरायांचे गड शिकतं आणि कागदावर त्रिकोण काढून मोकळं होतं. कारण डोंगर बघून चित्र काढायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आधीच्या कुणाच्या तरी चित्रावरून चित्र काढायची सवय त्याला लागलेली असते, आणि त्याबद्दल त्याच्या वहीत ‘छान’ असा शेराही मिळालेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाला चित्रकला आणि डिझाइन ‘शिकवायला’ हवं. भाषा आणि गणित शिकवतो तसं, क्रमाने, नेमाने आणि चुका दुरुस्त करत. या वयात शिकवण्यासारखं जे आहे ते थोडकं आणि नेमकं आहे: समोरची वस्तू नीट बघणं, काय करायचं ते करण्याआधी मनात आणि कागदावर ठरवणं, करून बघणं, आणि जमलं नाही तर का जमलं नाही ते शोधून बदलणं. आपण यातलं जवळजवळ काहीच शिकवत नाही. छापील आकृतीत रेषेबाहेर न जाता रंग भरायला लावतो, फळ्यावरच्या नमुन्याची नक्कल करून घेतो, नाहीतर ‘काय हवं ते काढा’ म्हणून तास सोडून देतो. दिसायला हे तीन वेगळे मार्ग आहेत, पण तिन्हींत मुलाला एकही निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागत नाही.

ही स्थिती कुणा एका शिक्षकाच्या आळसातून आलेली नाही, ती व्यवस्थेत लिहिलेली आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत, असं ती सांगते. पहिली ते पाचवीसाठी कलेच्या शिक्षकाचं नावही तिथे नाही. बालभारतीने ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला एकत्र आणलं. हेतू चांगला होता, पण तीन विषयांचं एक पुस्तक झालं की वेळापत्रकात वेगवेगळे छापलेले त्यांचे तास प्रत्यक्षात एकच होऊन जातात, आणि तो एक तास गणिताच्या उरलेल्या धड्याला, स्नेहसंमेलनाच्या तालमीला किंवा एखादी ऑनलाइन माहिती भरायला जातो. राज्यात २०१० पासून आकारिक मूल्यमापन आलं आणि कलेचीही वर्णनात्मक नोंद करणं आवश्यक झालं. त्या नोंदवह्या चाळल्या तर ‘चित्रात आकर्षक रंग भरतो’ हे वाक्य नावामागून नाव भेटतं. तयार नोंदींच्या पुस्तिकेतून ते उतरलेलं असतं. या मुलाने झाड आधी कसं काढलं होतं आणि आता कसं काढतो, याचा त्यात मागमूस नसतो. मग माध्यमिक शाळेत गेल्यावर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा येतात, दहावीच्या सवलतीच्या गुणांमुळे पालकही जागे होतात. तिथल्या संकल्पचित्राच्या प्रश्नात वर्तुळ किंवा चौकोन पानाफुलांनी शोभिवंत करायचा असतो. तो कोणासाठी, कशावर, कुठे वापरायचा, हा विचार करायची सवय त्याआधीच्या वर्षांत लागलेली नसते. पाया न घालता थेट शिखर बांधायला घेतल्यासारखं हे आहे.

आपल्याकडे याहून वेगळा विचार झालेला नाही असं मुळीच नाही. मुलांना अक्षरं गिरवायला लावण्याआधी चित्र काढायला शिकवावं, म्हणजे ती अक्षरं बघून काढतील, असं गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल खंत व्यक्त करताना लिहिलं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली आणि हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी आलं. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले, तिथे त्यांनी अनेक वर्षं मुलांना कला शिकवली आणि कला हा शिक्षणाचा आधार कसा होऊ शकतो यावर पुस्तक लिहिलं. हे सगळं विदर्भात घडलं, तिथल्या खेड्यांतल्या मुलांबरोबर, माती, सूत आणि घरगुती रंग वापरून. महागडं साहित्य आणि शहरी पालक असल्याशिवाय कलाशिक्षण होत नाही, हे सेवाग्रामचा अनुभव डोळ्यांसमोर असताना महाराष्ट्राने तरी म्हणू नये.

यावर पहिला आक्षेप घेतात ते मुलांवर मनापासून प्रेम करणारे लोक. मूल जन्मतःच सर्जनशील असतं, त्याला शिकवायला गेलात की त्याची मोकळी रेघ मरते, असं ते म्हणतात. व्हिएन्नात फ्रान्त्स चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग काढला, तेव्हापासून हा विचार जगभर पसरला. पाच-सहा वर्षांच्या मुलांपुरता तो मला मान्य आहे. त्यांच्या चित्रात बाबा घरापेक्षा उंच असतात, घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते आणि ते तसंच असायला हवं. पण मूल तिथे थांबत नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये बालचित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांत नऊ वर्षांच्या आसपास मुलाला आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ हवंसं वाटू लागतं. आपल्याकडे म्हणजे चौथी-पाचवी. मूल स्वतःच्या चित्रावर नाराज होतं, खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडतं, आणि त्याला मदत मिळाली नाही तर ‘मला चित्र येत नाही’ असं जाहीर करून टाकतं. बहुतेक मोठी माणसं हेच वाक्य आयुष्यभर म्हणतात. त्या वयात मुलाला मोकळं सोडणं म्हणजे त्याला अडचणीत एकटं सोडणं आहे. लांबचं झाड लहान का दिसतं, पेल्याचं गोल तोंड बाजूने बघताना चपटं का दिसतं, दोन फांद्यांच्या मधली रिकामी जागा बघितली तर फांदी बरोबर कशी येते, हे कुणीतरी दाखवावं लागतं. दाखवलं की मूल उडी मारतं.

डिझाइनचं तर याहून सोपं आहे, कारण त्यात बरोबर-चूक वस्तूच सांगते. समजा चौथीच्या वर्गात चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला वर्तमानपत्राची दोन पानं, थोडी खळ, सुतळी आणि जुन्या वहीचा पुठ्ठा दिला. काम एकच: अर्धा किलो शेंगदाणे दुकानातून घरी आणता येतील अशी पिशवी करा. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हा ही गरजही खोटी नाही. आधी पिशवीचं चित्र काढायचं, त्यावर मापं लिहायची, मगच कागद कापायचा. बहुतेक गट तळाची काळजी करतील, पण पिशवी फाटेल ती वरून, जिथे सुतळीसाठी भोक पाडलंय तिथे. सगळा भार त्या छोट्या भोकाच्या काठावर येतो. मग कुणीतरी पिशवीचं तोंड आत दोनदा दुमडेल, कुणी दुमडीत पुठ्ठ्याची पट्टी घालून भोक पट्टीतून पाडेल, कुणी सुतळी पिशवीच्या तळाखालूनच फिरवून घेईल. पुन्हा शेंगदाणे भरायचे, पुन्हा उचलायचं. नंतर सजावट, आणि तिथेही प्रश्न आहेच: दुकानाचं नाव कुठे लिहायचं म्हणजे ते घडीत जाणार नाही आणि हातात धरल्यावर उलटं दिसणार नाही? या दोन-तीन तासांत मुलाने माप घेतलं, आकृती काढली, अंदाज बांधला, तो चुकलेला पाहिला आणि सुधारला. इंग्लंड आणि वेल्सने १९९० मध्ये पाचव्या वर्षापासून डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात घातला तो अशाच कामासाठी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही शहरी आणि ग्रामीण, मराठी आणि इंग्रजी माध्यमांतल्या थोड्या मोठ्या मुलांबरोबर पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती असे प्रकल्प करून या विषयावर संशोधन झालेलं आहे.

स्थानिक कलेचा प्रश्नही इथेच येतो. वारली चित्रं आज शाळेशाळेच्या भिंतींवर आहेत, आणि ती बघून आनंद होतो. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका जो चौक लिहीत, तिथून ही कला आली, आणि डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगापर्यंत नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेत मात्र मुलं तारपा नाचाचं तेच वेटोळं उतरवून काढतात. वारलीची ताकद तिच्या नियमात आहे. टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस वाकतो, खालचा फिरला की तो चालू लागतो. हा नियम मुलांच्या लक्षात आणून द्यावा आणि मग विचारावं: याच दोन त्रिकोणांनी हापशावर पाणी उपसणारी बाई कशी दाखवाल? क्रिकेटचा गोलंदाज? एसटीत धावत चढणारा माणूस? त्या उत्तरात मूल एका मोठ्या चित्रपरंपरेचं व्याकरण शिकतं. निव्वळ नक्कल करून घेण्यात मुलाचाही अपमान आहे आणि वारली कलेचाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. पाचवीतल्या कितीतरी मुलांना नीट वाचता येत नाही, भागाकार येत नाही. २०२१ पासून निपुण भारत अभियान पायाभूत वाचन-गणितासाठी धडपडतंय, आणि तुम्ही पिशव्या काय करायला सांगता? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्याला कलेचे पुरस्कर्ते सहसा जे उत्तर देतात ते मी देणार नाही. ‘चित्र काढल्याने गणिताचे गुण वाढतात’ असं सर्रास सांगितलं जातं. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोतल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी अनेक दशकांचे अभ्यास तपासून २००० मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा वर्गातल्या नाट्यामुळे भाषेला फायदा होतो याला चांगला पुरावा मिळाला, पण चित्रकलेमुळे इतर विषयांतले गुण वाढतात याला विश्वासार्ह आधार मिळाला नाही. कला ही गणिताची शिडी म्हणून विकायची नाही, हे आपणही मान्य करू. त्याच गटाने पुढे मोठ्या मुलांचे चांगले कलावर्ग जवळून पाहिले आणि तिथे प्रत्यक्षात काय शिकवलं जातं ते नोंदवलं: निरखून बघणं, डोळ्यांपुढे नसलेलं कल्पून बघणं, चिकाटीने काम पुढे नेणं, स्वतःच्या कामाकडे मागे होऊन बघणं. या सवयी स्वतःच शिक्षण आहेत, त्यांना दुसऱ्या विषयाच्या दाखल्याची गरज नाही. वेळेचा हिशोब केला तर आठवड्याला दोन सलग तासिका लागतात, आणि त्या वेळापत्रकात आजही लिहिलेल्या आहेत. नवं काही काढून घ्यायचं नाही, जे कलेचं म्हणून छापलंय ते तिला द्यायचं आहे. ज्या मुलाला वाचन जड जातं, त्याला आठवड्यातून निदान दोन तास आपण हुशार आहोत असं वाटण्याची ही जागाही आहे. ती आपण त्याच्याकडूनच आधी काढून घेतो.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. दोनशिक्षकी शाळेत कलाशिक्षक येणार नाही, हे उघड आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि ‘मुख्य’ विषय यांच्यातली भिंत पाडायची घोषणा केली, २०२३च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र स्थान दिलं, आणि एनसीईआरटीने तिसरीसाठी ‘बाँसुरी’ हे कलेचं पुस्तकही काढलं. पण पुस्तक वर्गात पोहोचतं ते शिक्षकाच्या हातून, आणि स्वतः कधी डोंगर बघून न काढलेला शिक्षक पुस्तक उघडून पुन्हा नक्कलच करून घेईल. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा नियमित होतात. त्यांतल्या वर्षाच्या दोन परिषदा या कामाला द्याव्यात. तिथे कलेवर भाषण नको, पीपीटी नको. शिक्षकांनी स्वतः वर्तमानपत्राची पिशवी करावी, शेंगदाणे भरून ती उचलून बघावी, ती फाटली की बसून दुसरी करावी. शाळेच्या आवारातलं एक झाड एका तासात बघून काढावं, आणि नोंदवहीत ‘आकर्षक रंग भरतो’ याऐवजी काय लिहिता येईल यावर एकमेकांशी बोलावं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांना हे येत्या जूनपासून करता येईल, आणि त्यासाठी कुठलाही नवा शासन निर्णय लागत नाही.