शेख एकच, नावे तीन

अब्बांच्या जुन्या कॅसेटवरची गाणी आणि कव्वाल्या सुट्टीत संगणकावर घेतल्या. ‘एमपीथ्री टॅग’ या मोफत सॉफ्टवेअरने गायकवार यादी काढली, तर आपल्याच जिल्ह्यातले, बार्शीचे शाहीर अमर शेख तीन ठिकाणी निघाले: शेख, शैख, शेक! संगणक आवाज ओळखत नाही, अक्षरे पाहतो. चूक माझीच; नावे मी तशी टाइप केली होती. एकसारखी करताच सगळी गाणी एकत्र आली.

गाण्यांचे दोन मिनिटांत जमले. मुलांचे तसे नसते. इथे केममध्ये वर्गात पाहते: दाखल्यावर ‘शेख’, आधारवर ‘शैख’. मग शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो आणि अम्मी-अब्बांचे हेलपाटे सुरू होतात.

आज इशानंतर मुलांचे सगळे कागद शेजारी शेजारी मांडा. नाव सगळीकडे एकच आहे ना, बघा.