पिवळे पान आणि बुजलेला चर

खानदेशच्या काळ्या जमिनीविषयी दोन दंतकथा सुखाने नांदतात. पहिली : ही माती अक्षयपात्र आहे, हिला काही कमी पडत नाही. दुसरी : रासायनिक खते आली आणि माती मेली. दोन्ही सोप्या आहेत, आणि दोन्हींत पाण्याचा उल्लेखही नाही.

अक्षयपात्राचे आधी पाहू. बसाल्ट झिजून झालेल्या या मातीत चुना आणि पालाश मुबलक. नत्र मात्र तोकडे, आणि स्फुरद चुन्याशी बांधला जातो. इंग्लंडहून आलेल्या रसायनज्ञ व्होल्करने १८९३च्या अहवालात खताची हीच टंचाई मांडली, पण शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. शेण चुलीत जाते ते सरपण मिळत नाही म्हणून, असे त्याने सरकारलाच सुनावले.

आता रावेर-यावलची केळीबाग. कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी असते तर जुने पान आधी पिवळे झाले असते. हे लोहाच्या उपासमारीचे लक्षण. गंमत अशी की लोह मातीत असतेच. चुनखडीच्या, पाणी तुंबलेल्या जमिनीत मुळांना ते उचलता येत नाही. तरीही उपाय म्हणून युरियाचे आणखी एक पोते ओतले जाते, पाण्याची आणखी एक पाळी दिली जाते. रोगाचे कारणच औषध म्हणून पाजण्याचा हा प्रकार.

पांझराकाठच्या धुळ्याला हे ब्रिटिश येण्यापूर्वीच उमगले होते. तिथल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे शिवार तीन-चार फडांत वाटलेले असे. एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि पिकांची दरवर्षी फेरपालट; म्हणजे उसाचे पाणी एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे साचत नसे. फडाचे कौतुक करणारे बहुतेक लेख बंधाऱ्याशी आणि पाटकऱ्याशी थांबतात. खरी अक्कल सांडमात होती : कालव्यातले जादा पाणी परत नदीत सोडणारी वाट. पाणी आणण्याइतकेच ते काढून देणेही या व्यवस्थेचा भाग होते. (फड म्हणजे रामराज्य नव्हते, ज्याला जमीनच नाही, त्याला पाण्याची पाळीही नव्हती.)

१८८४मध्ये तरुण विश्वेश्वरय्या याच खानदेशात नोकरीला आले आणि दातर्ती येथे पांझरेच्या पाण्यावर नळाचा सायफन बांधला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आळीपाळीने पाणी देणारी ब्लॉक पद्धत आणली. तिच्यात फडाची सावली दिसते. पण नीरा डावा कालवा १८८५पासून वाहत होता आणि उसाची तहान भागत नव्हती. १९१०मध्ये हॅरॉल्ड मान आणि वि. अ. ताम्हाणे यांना नीरेच्या खारावलेल्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. अवघ्या पंचवीस वर्षांत! तेव्हा युरियाचे पोते महाराष्ट्राच्या बांधावर आलेही नव्हते. खताने माती मेली म्हणणाऱ्यांनी या तारखेचा हिशेब द्यावा.

वरच्या धरणांनी आणि घरोघरच्या विहिरींनी फड आक्रसले. ठिबकाने पाणी वाचते खरे. परंतु ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात आणि ते धुऊन जायला वाट लागतेच. चोपण जमिनीत जिप्सम टाकले तरी सुटलेला सोडियम निचऱ्यावाटेच बाहेर पडतो. आणि बांधाकडेचा चर बुजवला की केळीची एक ओळ जास्त बसते, म्हणून तो बुजवला जातो.